चर्चच्या आवारातली रिंग



मागच्या महिन्यात आमच्या मंडळीच्या समितीपुढे एक अर्ज आला. चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत बास्केटबॉलची एक जुनी रिंग आहे. ती काढावी आणि तिथे दुचाकींसाठी पत्र्याची शेड घालावी, असा तो अर्ज. अर्ज काही वाईट हेतूने केलेला नाही. एप्रिल-मेमध्ये निपाणीचे ऊन काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. उपासना सुटल्यावर गाडीच्या सीटवर बसवत नाही. पण चर्चा सुरू झाली तसा विषय शेडवरून रिंगवर गेला आणि रिंगवरून भलतीकडेच.

एक वडीलधारे म्हणाले, देवाच्या आवारात खेळ कशाला? जगिक गोष्टी जगात असू द्याव्यात. त्यावर आमच्या तरुण संघातले एक जण उठले. रिंग राहू द्या, पण मग एखादा नावाजलेला कोच आणा, टीम तयार करा, बेळगावात जाऊन दोन शिल्ड जिंकून आणा. चर्चचे नाव होईल. नुसती पोरे बॉल आपटत बसणार असतील तर शेडच बरी.

मला दोघांचेही पटले नाही. पण मी समितीचा सभासद नाही. चटया अंथरणे, माईक लावणे, तरुण संघाची हजेरी घेणे एवढीच माझी सेवा. म्हणून तिथे गप्प बसलो आणि आता इथे लिहितो आहे. लिहिताना एका कॉलेजच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाची हकिगत सांगणार आहे. जगातला पहिलाच म्हणायला हरकत नाही, कारण हा खेळ त्यानेच शोधला.

जेम्स नायस्मिथ. जन्म ६ नोव्हेंबर १८६१, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, आल्मॉन्ट गावाजवळ. लहान वयातच आईवडील दोघेही विषमज्वराने गेले आणि पोर मामाकडे वाढले. शाळा मध्येच सोडून जंगलात लाकूडतोडीच्या कामावर गेला, मग परत शाळेत आला. देवाची सेवा करायची असे ठरवून माँट्रिअलला गेला. मॅकगिल विद्यापीठातून पदवी घेतली आणि तिथल्याच प्रेसबिटेरियन कॉलेजातून १८९० साली धर्मशास्त्राचा अभ्यास पूर्ण केला. म्हणजे आपल्या भाषेत, पाळक होण्याच्या उंबरठ्यावर उभा असलेला तरुण.

पण या तरुणाला खेळाचे वेड. धसमुसळा फुटबॉल खेळून सुजलेले, काळेनिळे डोळे घेऊन त्याला एकदा रविवारी व्यासपीठावर उभे राहावे लागले होते. सहाध्यायी त्याच्यासाठी प्रार्थना करत, कारण मैदान हे सैतानाचे अंगण अशी त्या काळची समजूत. आमच्या समितीतल्या वडीलधाऱ्यांना सोबत तेव्हाही होती, असे म्हणू या.

मग एक छोटीशी गोष्ट घडली. एका सामन्यात त्याच्या शेजारी खेळणाऱ्या गड्याचा तोल गेला आणि तोंडातून शिवी बाहेर पडली. लगेच तो वळला आणि नायस्मिथची माफी मागू लागला, तू इथे आहेस हे विसरलोच, म्हणाला. नायस्मिथने त्याला कधी उपदेश केला नव्हता. तो फक्त त्याच्या बाजूला उभा राहून खेळत होता. यावर नायस्मिथ पुष्कळ दिवस विचार करत राहिला. व्यासपीठावरून जे पोहोचत नाही ते कदाचित मैदानावरून पोहोचेल, असे त्याच्या मनाने घेतले. तो अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत गेला. बहिणीला ते रुचले नाही. घरातला मुलगा पाळक व्हायचा सोडून व्यायामशाळेत गेला, हे कोणत्या घरात रुचेल?

तिथे १८९१च्या हिवाळ्यात लुथर गुलिक या त्याच्या वरिष्ठांनी त्याच्या गळ्यात एक वर्ग घातला. अठरा दांडगे विद्यार्थी. बाहेर बर्फ, आत तेच ते कवायतीचे प्रकार, सगळे वैतागलेले. दोन आठवड्यांत काहीतरी नवीन खेळ काढ, असे सांगण्यात आले. नायस्मिथने फुटबॉल आत आणून पाहिला, लॅक्रॉस आणून पाहिला. हाडे मोडायची वेळ आली. तेव्हा त्याने बसून विचार केला की खेळात मारामारी येते कुठून. चेंडू घेऊन पळता येते, म्हणून दुसरा अडवतो, पाडतो. मग चेंडू घेऊन पळूच द्यायचे नाही. गोल समोर उभा असतो, म्हणून जोराने मारतात. मग गोल आडवा करून डोक्याच्या वर टांगायचा. तिथे जोर चालत नाही, अलगद टाकावे लागते. लहानपणी गावात मोठ्या दगडावर ठेवलेला दगड लांबून दुसऱ्या दगडाने पाडायचा एक खेळ ते खेळत, आपल्या लगोरीचा लांबचा भाऊ शोभेल असा. त्यातही जोराने फेकणारा फसे आणि कमानीने टाकणारा जिंके. ते त्याला आठवले.

त्याने शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फूट उंच होता, म्हणून आज जगभर रिंग दहा फुटांवर असते. आमच्या आवारातली थोडी खाली झुकली आहे, ते सोडा. तेरा नियम टाइप करून भिंतीवर लावले. धक्का देणे, धरणे, पाय घालणे, मारणे मना. २१ डिसेंबरला नऊ-नऊ जणांचा सामना झाला. पूर्ण सामन्यात एकच गोल पडला.

मला या खेळात सुवार्तेचा वास येतो. ओढूनताणून जोडतोय असे वाटेल कोणाला, पण ज्या माणसाने 'दुसऱ्याला न पाडता कसे जिंकता येईल' या एका प्रश्नातून अख्खा खेळ बांधला, त्याने धर्मशास्त्राची पाने नुसती उलटली नव्हती. आणि पौलानेच करिंथकरांना लिहिताना धावपटू आणि मुष्टियोद्धे उदाहरणाला घेतले नाहीत का? खेळ इतका जगिक असता तर प्रेषिताने तो पत्रात आणला नसता.

१८९८ साली नायस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेला. मधल्या काळात डेन्व्हरला राहून त्याने डॉक्टरकीची पदवीही घेतली होती. विद्यापीठाला खरे तर प्रार्थना चालवणारा माणूस हवा होता. जोडीला व्यायाम शिकवणारा मिळाला तर उत्तम. त्याची शिफारस करणाऱ्यांनी कळवले होते की हा डॉक्टर आहे, धर्मोपदेशक आहे, दारू-तंबाखूपासून दूर आहे आणि शिवी देत नाही. आपल्या निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात असा शिफारस केलेला माणूस मिळाला तर सांगा.

तिथे त्याने कॉलेजचा संघ काढला. १८९९च्या फेब्रुवारीतला पहिला सामना १६-५ असा हरला. पुढे १९०७ पर्यंत तो प्रशिक्षक होता. हिशेब असा: ५५ सामने जिंकले, ६० हरले. कॅन्सस हे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमधले फार मोठे नाव. त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरणे जास्त असलेला एकच आहे, आणि तो म्हणजे खेळाचा जनक.

या आकड्यावर मी आजवर दोन प्रवचने ऐकली आहेत. दोन्ही वेळा सांगितले गेले की बघा, जगाच्या दृष्टीने अपयशी, पण देवाच्या दृष्टीने यशस्वी. मला हे फार स्वस्त वाटते. नायस्मिथ अपयशी होता कुठे? त्याला हरल्याचे दुःखच नव्हते. पुष्कळदा तो संघासोबत दौऱ्यावर जात नसे. कधी स्वतःच पंच म्हणून उभा राहत असे. या खेळाला प्रशिक्षक लागतो हेच त्याला पटत नव्हते. पोरांनी खेळावे, बस. त्याच्या हाताखाली खेळलेला फॉग अॅलन जेव्हा प्रशिक्षक व्हायला निघाला, तेव्हा नायस्मिथने त्याला सांगितले की हा खेळ शिकवायचा नसतो, खेळायचा असतो. अॅलनने ऐकले नाही. त्याने कॅन्ससमध्ये ५९० सामने जिंकले. अॅलनच्या संघात डीन स्मिथ होता. डीन स्मिथ पुढे नॉर्थ कॅरोलिनात प्रशिक्षक झाला आणि त्याच्या हाताखाली मायकेल जॉर्डन खेळला. जॉर्डनचे नाव आपल्या पोरांच्या बुटांवरसुद्धा असते, भले ते बूट संडे बाजारातले असोत. वारकऱ्यांच्या परंपरेत जशी गुरूंची ओळ सांगतात तशी ही ओळ. तेव्हा ५५-६० या आकड्याला हुंदका देऊन काही साधत नाही. मोजमापच चुकीचे धरले होते, एवढेच.

मला ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो शिष्य या ओळीत सहसा सांगितला जात नाही. जॉन मॅकलेंडन. कृष्णवर्णीय मुलगा, कॅन्सस राज्यातलाच. १९३३ साली तो विद्यापीठात आला तेव्हा वडिलांनी त्याला सांगितले होते, नायस्मिथला शोध, तोच तुझा मार्गदर्शक. मुलगा सरळ त्यांच्याकडे गेला आणि तसे सांगितले. म्हाताऱ्या नायस्मिथने त्याला ठेवून घेतले. पण विद्यापीठाच्या संघात मॅकलेंडनला खेळता आले नाही, संघ गोऱ्यांचा. पोहण्याच्या हौदात तो उतरला तेव्हा हौदातले पाणी काढून टाकण्यात आले. आपल्याकडे पाणवठ्याची गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी मिशनची वाट का धरली, त्यात विहीर येतेच.

इथे मला नायस्मिथविषयीही एक गोष्ट बोलली पाहिजे. त्याने मॅकलेंडनला शिकवले, पाठीशी राहिला. पण संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. ते त्याच्या हातात होते की नव्हते, यावर वाद घालता येईल. तोवर संघ अॅलनकडे होता. मला एवढेच दिसते की भला माणूससुद्धा आपल्या काळाच्या भिंतीपाशी येऊन थांबतो. त्याला संत करून भिंतीवर टांगू नये.

मॅकलेंडन पुढे नॉर्थ कॅरोलिनात, डरहॅम गावात, कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात प्रशिक्षक झाला. त्याच गावात ड्यूक विद्यापीठ. दुसरे महायुद्ध चालू होते. ड्यूकच्या वैद्यकीय शाळेत सैन्याच्या वतीने शिकणाऱ्या गोऱ्या विद्यार्थ्यांचा एक तगडा संघ होता. दोन्ही संघांना ठाऊक होते की गावात आपल्या तोडीचा दुसरा एकच संघ आहे. पण एकत्र खेळणे म्हणजे दक्षिणेत तेव्हा जिवाशी खेळ. शेवटी १२ मार्च १९४४ हा दिवस ठरला. रविवार, सकाळची वेळ.

रविवार सकाळ का? कारण त्या वेळी सगळा गाव चर्चमध्ये असतो.

हे वाक्य मी कितीदा वाचले तरी टोचते. गोरे खेळाडू आडवळणाच्या रस्त्याने गाड्यांतून आले, डोक्यावर जाकिटे ओढून आत शिरले. दारे आतून बंद केली. प्रेक्षक नाहीत. सुरुवातीला दोन्हीकडचे हात थरथरत होते, चेंडू सुटत होता, मग जमले. मॅकलेंडनची पोरे ८८-४४ अशी जिंकली. आणि त्यानंतर जे झाले ते निकालापेक्षा मोठे. थोडा दम खाऊन त्यांनी संघ मिसळले. अर्धे गोरे अर्धे काळे एका बाजूला, तसेच दुसऱ्या बाजूला, आणि पुन्हा एक सामना खेळले. मग मुकाट्याने घरी गेले. एका कृष्णवर्णीय बातमीदाराला हे कळले होते. त्याने छापले नाही. पुढची पन्नास वर्षे ही गोष्ट जवळजवळ कोणाला माहीत नव्हती.

आता आमचे वडीलधारे विचारतील, उपासनेच्या वेळी खेळत होते, हे तुम्ही कौतुकाने सांगता? नाही, कौतुकाने नाही. मी स्वतः रविवारी उपासनेच्या वेळी रिंगखाली कोणी दिसला तर हाताला धरून आत आणतो. पण त्या सकाळी डरहॅमच्या चर्चमध्ये गोरे गोऱ्यांच्या बाकांवर आणि काळे काळ्यांच्या चर्चमध्ये बसून एकाच प्रभूची स्तुती करत होते, आणि ज्या ठिकाणी दोघे एकत्र आले त्या ठिकाणाला कुलूप होते. कोणत्या इमारतीत त्या दिवशी प्रभूभोजनाचा अर्थ अधिक पाळला गेला, हे मला ठामपणे सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर मला कळवा.

हे सगळे दूर अमेरिकेतले असे समजून बाजूला टाकू नका. स्प्रिंगफिल्डलाच शिकलेल्या हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे कॉलेज सुरू केले आणि तिथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले. मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनने १९२७ साली नेबरहूड हाऊस उभे केले. मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी गिरणगावाजवळच्या त्या गजबजलेल्या, बहुतेक मुसलमान वस्तीत वाचनालय, दवाखाना, खेळ असे सगळे एका छताखाली आणले. आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस १९३६ साली त्याच घरात सुरू झाली. नागपाडा पुढे देशातला बास्केटबॉलचा मोहल्ला म्हणून गाजला. भारताचे कर्णधार झालेले आणि अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर तिथलेच. मराठी मिशनने अंगण दिले तेव्हा आत येणाऱ्या पोराला तू कोणाचा असे विचारले नाही. त्या मिशनच्या नावातला 'मराठी' हा शब्द मला म्हणून अभिमानाचा वाटतो.

आणि आता आमचे आवार. आमच्याकडे सकाळी आठला मराठी उपासना आणि दहाला कन्नड. सीमाभागातल्या तुमच्या मंडळीतही थोड्याफार फरकाने असेच असेल. चर्च एक, पाळकसाहेब एक, गीतपुस्तके दोन, दानपेटीचा हिशेबही दोन. १९५६ पासून आपण या प्रश्नात आहोत, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, २०१४ पासून पाटीवर बेळगावी आहे आणि बोलण्यात बेळगाव. माझे मत विचाराल तर मी मराठीच्या बाजूचा आहे, लपवत नाही. माझी प्रार्थना दुसऱ्या भाषेत होतच नाही. पण साडेनऊला मराठीवाले बाहेर पडतात आणि कन्नडवाले आत येत असतात, तेव्हा फाटकापाशी आपण एकमेकांना मान हलवून निघून जातो. चौदा वर्षांत मी कन्नड मंडळीतल्या किती जणांच्या घरी गेलो? दोन. त्यातले एक मयत होते.

पोरे मात्र त्या अर्ध्या तासात रिंगखाली असतात. तिथे संघ भाषेवर पडत नाहीत, उंचीवर पडतात. "पास कोडो!" असे आमचा मराठी मुलगा ओरडतो आणि पलीकडून कन्नड मुलगी "अरे सोड ना" म्हणते. गुण इंग्रजीत मोजतात आणि भांडण तिन्ही भाषांत करतात. हे कोणी शिकवले नाही. कुठल्याही ऐक्य-सभेचा अहवाल काढून दाखवा ज्यात एवढे झाले आहे.

शिल्डवाल्या आमच्या बंधूंनाही दोन शब्द. शनिवारी संध्याकाळी एक गृहस्थ येऊन पोरांना शिकवतात, तुम्ही पाहिले असेल. आपल्या मंडळीतले नाहीत, ख्रिस्तीही नाहीत. ते या भागातल्या एका कॉलेजात कंत्राटावर प्रशिक्षक होते. चार वर्षे प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिल्ड आले नाही, पाचव्या वर्षी पत्र आले नाही. त्यांनी मला ते सहज, चहा पिता पिता सांगितले. 'नावाजलेला कोच आणा' हे त्या दिवशी सभेत मोठ्याने म्हटले गेले, तेव्हा ते बाहेर व्हरांड्यात चेंडूत हवा भरत होते. ऐकले असेल की नाही, विचारायचे धाडस मला झाले नाही. त्यानंतरच्या शनिवारी ते आले, एवढे खरे.

नायस्मिथ १९३६ साली बर्लिनला गेला. बास्केटबॉल पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये खेळला जात होता. म्हाताऱ्याकडे प्रवासाला पैसे नव्हते. अमेरिकेतल्या प्रशिक्षकांनी आणि खेळाच्या चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला पाठवले. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टवर होता आणि पाऊस कोसळत होता. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले, म्हणजे त्याच्या राहत्या देशाने जन्मदेशाला. तीन वर्षांनी, २८ नोव्हेंबर १९३९ रोजी, तो प्रभूकडे गेला. चिखलातला तो सामना आठवला की मला आमच्या आवाराचा जुलै आठवतो. तेव्हाही पोरे थांबत नाहीत.

शेडविषयी एक साधी सूचना आहे. पूर्वेच्या कुंपणालगत बारा फूट पट्टी मोकळी आहे. तिथे पत्रे घातले तर तीसेक गाड्या बसतात. मी फुटपट्टी लावून पाहिले आहे. समितीची बैठक येत्या रविवारी आहे, आणि ती कन्नड उपासनेनंतर, दोन्हीकडचे सभासद हजर असताना व्हावी अशी विनंती मी पाळकसाहेबांना केली आहे.

रिंगची जाळी पावसाळ्यात फाटली. नवी मी कोल्हापूरहून आणून ठेवली आहे. शनिवारी बांधायची आहे, दहा फुटांपर्यंत पोहोचेल अशी शिडी कोणाकडे असेल तर कळवावे.